पाचपैकी दहा

सासरी नव्याने आलेल्या मुलीने कुठल्याही प्रश्नाला "कुठेही चालेल" असं उत्तर देऊ नये. एवढी एक गोष्ट मला लग्नात कुणी सांगितली असती, तर मी त्या माणसाचा बाकीचा आहेर माफ केला असता.

मी मुळात कमी बोलते. लग्न ठरताना याचं फार कौतुक झालं होतं. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले होते, की जी जीभ कमी चालते ती चवीला तेज असते. सगळे हसले. मीही हसले. (ते विनोद करत नव्हते, हे नंतर कळलं.)

बाबांनी उभा जन्म बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासण्यात घालवला. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी कारखान्याची पद्धत घरी आणली. पद्धत अशी: घास घ्यायचा, गप्प बसायचं, आणि बाबा "बोटं" म्हणाले की सगळ्यांनी एकदम हात वर करायचा. पाचपैकी जितकी बोटं, तितके गुण. एकदम अशासाठी, की एकाचं बघून दुसरा बदलतो. माझ्या पहिल्या चहाला बाबांनी तीन बोटं दाखवली, सासूबाईंनी मन मोठं करून चार, आणि नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता पाच. मी विरघळले. मग लक्षात आलं, त्याचा कप अजून भरलेलाच होता.

तर ही समुद्रावरची सहल खरं म्हणजे आम्हा दोघांची होती. पण सासूबाईंच्या गुडघ्याला समुद्राची हवा मानवेल असं डॉक्टर म्हणाले, आणि गुडघा एकटा कसा जाणार, म्हणून सासूबाई. सासूबाई एकट्या कशा जाणार, म्हणून बाबा. मी काही बोलले नाही. निघताना नवऱ्याने मला बाजूला घेऊन वचन दिलं. एक सूर्यास्त फक्त आपल्या दोघांचा. लांब वाळूत जाऊन बसायचं, कुणाची हाक पोचणार नाही इतक्या लांब. चार संध्याकाळी होत्या. त्यातली एक मागणं म्हणजे काही फार हाव नव्हे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावरच्या रस्त्याने निघालो. तिथे ओळीने तीन हॉटेलं, तिन्हींच्या दारात एकच पाटी: मासे, कोळंबी, खेकडे, हवे तितके खा. एक जहाजाच्या आकाराचं, एकाला दीपस्तंभ, आणि मधलं नुसतंच निळं. बाबा थांबले. वळून मला म्हणाले, "सूनबाई, तू सांग. कुठे जायचं?"

मी म्हणाले, "कुठेही चालेल."

बाबांचे डोळे लकाकले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना संसाराचा अनुभव आहे.

"कुठेही कसं चालेल?" बाबा म्हणाले. "तपासल्याशिवाय कसं कळणार?"

झालं. रोज एक हॉटेल आणि तिसऱ्या दिवशी निकाल, असं तिथेच, रस्त्यात उभ्याउभ्या ठरलं. तुलना न्याय्य हवी, म्हणून तिन्हीकडे वेळ एकच. आणि वेळ कुठली, तर ताजा माल मांडतात ती. ताजा माल बरोब्बर सूर्य मावळताना मांडत.

नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला की चौथा दिवस आहे ना अजून. मी मान हलवली. मी मान फार छान हलवते.

त्याच संध्याकाळी जहाजात वाफवलेली कोळंबी खाल्ली, तळलेला मासा खाल्ला, खेकड्याची नांगी चोखली. प्रत्येक पदार्थानंतर जीभ धुवायला कोरडा पाव आणि कोमट पाणी. बोलायचं नाही, कारण बोलण्याने मत बिघडतं. आजूबाजूची कुटुंबं खिदळत जेवत होती आणि आम्ही चौघं कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखे शून्यात बघत चावत होतो. माझ्यासमोर मोठी काच होती. काचेबाहेर सूर्य एवढा लालभडक होऊन बुडत होता, की खुद्द बाबांनीही त्याला साडेचार दिले असते. पण त्यांची पाठ होती.

दुसऱ्या दिवशी निळं हॉटेल. तिथला मासा सासूबाईंनी नुसता वास घेऊन बाद केला. त्यांचा स्वतः कल्ले उचलून न बघितलेल्या माशावर विश्वास नाही, आणि त्या बुफेमागच्या आचाऱ्याला कल्ले दाखव म्हणाल्या. त्याने मासा तळलाय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेच तर." निळं हॉटेल संपलं. सूर्यही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी, दात घासताना मी नवऱ्याला माझा बेत सांगितला. (लग्नानंतरचं माझं हे सर्वांत लांब भाषण.) आज दीपस्तंभ. दोघांनीही प्रत्येक पदार्थाला एकच बोट दाखवायचं. जहाज आपोआप जिंकेल, निकाल लागेल आणि उद्याची संध्याकाळ आपली. चव कशीही असो, एक बोट. त्याने तोंडात ब्रश ठेवून शपथ घेतली.

दीपस्तंभात कोळंबी आली. चावली. पाव, पाणी. बाबा म्हणाले, "बोटं." मी एक वर केलं आणि शेजारी बघितलं. माझा नवरा पूर्ण पंजा उघडून बसला होता, ट्रॅफिक हवालदारासारखा.

टेबलाखाली मी त्याच्या पायावर पाय दिला. माशाला त्याने पुन्हा पाच दिले.

बाहेर आल्यावर मी त्याला फक्त एवढंच विचारलं, "का?"

"अगं, पण कोळंबी खरंच चांगली होती गं," तो कळवळून म्हणाला. खोटी बोटं दाखवणं त्या घरात कुणाच्या रक्तातच नाही. नुसता पाय दुखत असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचं मनही दुखत होतं. अशा माणसावर रागवायची सोय नसते.

बाबांनी बेरीज केली. ती ते डोक्यात करतात. जहाज आणि दीपस्तंभ, अगदी बरोबरीत. बाबांना इतका आनंद मी आमच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता. उद्या जहाजात फेरतपासणी, ते म्हणाले. तीच वेळ.

नवऱ्याने घसा साफ केला. उद्या आम्ही दोघं जरा, असं काहीतरी सुरू केलं. बाबा म्हणाले की चार जिभांची पद्धत आहे, दोन काढल्या तर मागचं सगळं वाया. नवऱ्याने घसा पुन्हा साफ केला, आणि पुढचं वाक्य गिळलं.

चौथी संध्याकाळ. जहाज तुडुंब. शनिवार असल्यामुळे डेकवर बँड लागला होता आणि शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. खलाशाच्या कपड्यातला एक वेटर आमच्याशी हातवारे करून काहीतरी बोलून गेला. आम्ही चवीच्या मौनात होतो, कुणी लक्ष दिलं नाही. माझं तर पूर्ण लक्ष काचेकडे. सूर्य पाण्यापासून चार बोटं वर होता. मनात हिशेब केला: खेकडा झाला की संपलं. आता मीच असा निर्णय देते, की बरोबरीला जागाच उरू नये. मग धावत सुटलो तरी शेवटची कड दिसेल.

खेकड्याच्या नांग्या आल्या. चोखल्या. पाव, पाणी. बाबांचे ओठ हलले.

बाबांनी तीन बोटं वर केली. सासूबाईंनी दोन. नवऱ्याने, प्रामाणिक, चार. आणि मी, जन्मात कधी आवाज न चढवलेली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दहाच्या दहा बोटं पसरली. पाचपैकी दहा. लग्नानंतरच्या तीन महिन्यांचं सगळं न बोललेलं त्या दहा बोटांत होतं. सासूबाई चकित. बाबा भारावलेले.

आणि लांब काउंटरपाशी उभ्या असलेल्या त्या खलाशाने मान डोलावली.

थोड्या वेळाने तो आणि आणखी दोन खलाशी परात घेऊन आले. परातीत अख्खे खेकडे रचलेले होते, वाफाळते. खलाशी माझ्या कानाशी ओरडला, "ताई, एकोणीस. मोजून आणलेत."

मग उलगडा झाला. बँडच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून शनिवारी अख्खे खेकडे किती हवेत ते बोटांनी सांगायचं असतं. मघाशी तो तेच सांगून गेला होता. आम्ही चौघांनी, त्याच्या मते, एकमताने, हात वर करून सांगितलं होतं. त्यातही मी तर उभी राहायचीच बाकी होते.

नवरा म्हणाला, परत देऊ. बाबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: घ्याल ते संपवा. बाबा आयुष्यात एकदाही पाटीच्या विरोधात गेलेले नाहीत. त्यांनी बाही दुमडली.

खेकडा घाईत खाता येत नाही. खेकड्याला ते माहीत असतं. एक नांगी फोडावी तो दुसरी निसटून शेजारच्या टेबलावर. सासूबाई मात्र बहरल्या. वाटी उलटी धरून अशा काही कवची फोडत होत्या, की बँडचा ढोलवाला त्यांच्याकडे बघून ताल सावरू लागला. मला खेकडा फारसा आवडतही नाही. हे सांगायची संधी आधी आली नव्हती, आणि आता, दहा बोटं दाखवल्यावर, जन्मात येणार नव्हती. सूर्य माझ्या समोर, काचेपलीकडे, सावकाश, एक एक बोट खाली गेला. मी सातवा खेकडा फोडत होते. बाबांनी तीन वेळा स्वतःच्या वाट्याचा मोठा उचलून माझ्या ताटात ठेवला, प्रेमाने.

सगळं संपलं तेव्हा बाबांनी जाहीर केलं की जहाज जिंकलं, सूनबाईंच्या जिभेने जिंकलं. मग सासूबाई उठल्या आणि बाबांना म्हणाल्या, "चला, जरा पाय मोकळे करू. पोरांना बिल देऊन येऊ दे मागून." जाता जाता त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्यांना संसाराचा अनुभव आहे, हे मी आधी म्हटलंच.

आम्ही दोघं वाळूत पोचलो तेव्हा आकाशात लाल असं काही उरलं नव्हतं. काळोखात दूरवर चालत गेलो, एका उपड्या होडीला टेकून बसलो. मागोमाग दोन कुत्री आली आणि आमच्या हातांचा वास घेऊन शेजारी बसली. तरी लाटा होत्या, वारा होता, कुणाची हाक नव्हती. नवऱ्याने माझा हात हातात घेतला. मग अगदी हळू, माझ्या कानाशी म्हणाला, "एक विचारू? पण मनापासून सांगायचं."

माझ्या पोटात फुलपाखरं उडाली. (किंवा खेकडे असतील.) मी म्हणाले, "विचार ना."

"जहाजाला खरंच दहा?"

मी उत्तराला तोंड उघडलं, तोच होडीच्या पलीकडून, काळोखातून, बाबांचा आवाज आला.

"बोलू नकोस, सूनबाई. बोटं."