साळुंकीची अकरा जांभळं

एका जंगलात, बाळांनो, बाहेरच्या पाखराला राहायचं तर परवाना लागायचा, आणि परवान्याला चांगली वर्तणूक लागायची.

त्या जंगलात एक साळुंकी लग्न होऊन आली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी जांभळं पुढे केली. "घे गं."

"नको, पोट भरलंय," साळुंकी म्हणाली. तिच्या माहेरी पहिल्यांदा नकोच म्हणायची रीत होती.

सासूबाईंनी आग्रह केला. पुन्हा नको. तिसऱ्या आग्रहाला तिने घेतली. अकरा.

झाडाखाली परवाना अधिकारी कोल्हेसाहेब टिपणं घेत उभे होते. दुसऱ्या दिवशी आदेश आला : 'पोट भरल्याचे खोटे सांगून अकरा जांभळे खाल्ली. वर्तणूक संशयास्पद. परवाना रद्द. आठ दिवसांत जंगल सोडावे.'

नवरा हबकला. "अगं, सांगायचीस ना त्यांना तुमची रीत."

"त्यांनी विचारलंच कुठे?"

हा मुद्दा घुबड वकिलांना फार आवडला. प्रकरण हत्ती न्यायमूर्तींपुढे गेलं.

"साळुंकी चांगली की वाईट, हे मी बघणार नाही," हत्ती म्हणाला. "निर्णयाआधी तिचं म्हणणं विचारलं का, एवढंच बघणार. कोल्हेसाहेब, विचारलं?"

"नाही, महाराज."

"मग आदेश रद्द. तिला विचारा आणि पुन्हा निर्णय घ्या."

"कोणी घ्यायचा?"

"तुम्हीच. काम तुमचंच आहे ते."

साळुंकी जिंकली. घरट्यात गोडधोड झालं. तिने आपलं म्हणणं पाठ केलं. रीत, आग्रह, भूक, सगळं. नवऱ्याला दोनदा म्हणूनही दाखवलं. तो म्हणाला, छान जमलंय.

सोमवारी कोल्हेसाहेब आले. या खेपेला अगदी अदबीने. "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

साळुंकीने मान खाली घातली. "नाही, काही नाही."

आणि ती आग्रहाची वाट बघत बसली.

कोल्हेसाहेबांनी लिहिलं, 'विचारले. म्हणणे नाही. परवाना रद्द.' शाईवर फुंकर घातली.

"अहो, अजून एकदा विचारा की," सासूबाई म्हणाल्या.

"नियमात एकदाच आहे, आजी."

घुबडाने आदेश उलटसुलट करून पाहिला. या वेळी त्यात एकही चूक नव्हती.

साळुंकी निघाली तेव्हा सासूबाईंनी जांभळांची पुरचुंडी पुढे केली. तिने ती पहिल्याच वेळी घेतली.

तात्पर्य : कायदा एकदाच विचारतो. तीनदा विचारतात त्या सासूबाई, आणि परवाने त्यांच्या हातात नसतात. म्हणून मुलींनो, चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा असेल, तर चांगलं वळण आधी सोडा. हे लिहिणारी आत्ताच 'पुरे, पोट भरलं' म्हणून एका पोळीवर उठली आहे. आतून अजून कोणी हाक मारलेली नाही.