घड्याळाची वाचा बसली

बायको शनिवारी दुपारी पोहण्याचा वर्ग घ्यायला तलावावर गेली आणि चष्मेवाल्यानं तिचं घड्याळ जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं.

घड्याळ जाडजूड, काळं, रबरी पट्ट्याचं होतं. रोज तिच्याबरोबर पाण्यात उतरायचं. चष्मेवाल्यापेक्षा तेच तिच्या हाताला जास्त वेळ धरून असायचं. अलीकडे त्याचे आकडे पुसट झाले होते, आणि दिव्याचं बटण दाबलं की ते पार डोळेच मिटून घ्यायचं.

"घड्याळवाल्याकडे टाका," जाताना बायकोनं सांगितलं होतं. "पाण्यातलं घड्याळ आहे. उघडलं की नीट बंद व्हायला पाहिजे. आणि उद्या सकाळी सरोवरावर मला ते हवंय."

"अगं, मी दिवसभर दुकानात करतो काय? स्क्रूच फिरवतो ना? चष्म्याच्या स्क्रूपुढे हे स्क्रू म्हणजे खुंट्या!"

"स्क्रू फिरवता फिरवता तुम्ही कुठे पोचता, ते माहीत आहे मला," बायको म्हणाली आणि दार ओढून गेली.

यात खोटं काहीच नव्हतं. गिऱ्हाइकाचा चष्मा पुसून उजेडाकडे धरला, की भिंगातून खिडकीबाहेरचा एखादा ढग दिसायचा. तो ढग पुढे कुठे जातो हे बघण्यात चष्मेवाल्याचा वेळ जायचा आणि गिऱ्हाईक बिचारं समोर डोळे बारीक करून बसून राहायचं. एकदा अशाच तंद्रीत त्यानं एका गृहस्थांना दुसऱ्याचाच चष्मा दिला होता. गृहस्थ पुढे कित्येक दिवस खुशीत होते. म्हणे, जग एकदम मऊ दिसायला लागलंय.

सासरे समोरच्या खुर्चीत बसून तयारी बघत होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पंपदुरुस्तीत हयात घालवून ते आता लेकीकडे राहायला आले होते, आणि जावयाच्या हातात हत्यार दिसलं की त्यांना तरतरी यायची.

"वायसर जपा, जावईबापू," आप्पा म्हणाले. "पंप काय नि घड्याळ काय, पाण्याशी गाठ आहे म्हटल्यावर सगळा खेळ वायसरचा."

स्क्रू लोण्यातून सुरी निघावी तसे निघाले. झाकण उचललं आणि चष्मेवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं. आत एक गाव होतं. सोनेरी गल्ल्या, चकचकीत गच्च्या, मधोमध बॅटरीचा गोल तलाव. गावात चिटपाखरू नव्हतं. दुपारची सगळी झोपली असावीत. एका गल्लीच्या टोकाशी केसाएवढी स्प्रिंग उभी होती. हिचं इथे काय काम असेल, कुणाची वाट बघत असेल, असा विचार करत त्यानं चिमटा जवळ नेला.

टिंग!

"काय उडालं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. हलू नका."

काही नाही म्हणून दोघे जमिनीवर रांगले. टेबलाखाली शोधलं, चटईखाली शोधलं, शेवटी केरसुणीची काडी न् काडी विंचरली. त्या शोधात आप्पांना त्यांची हरवलेली कानकोरणी मिळाली, एक बटण मिळालं. स्प्रिंग काही मिळेना. चष्मेवाला हताश होऊन वर बघतो, तर आप्पांच्या स्वेटरच्या लोकरीत, बरोबर छातीवर, ती पदकासारखी चमकत होती.

"श्वास घेऊ नका, आप्पा!"

"किती वेळ?" आप्पांनी श्वास रोखून विचारलं.

स्प्रिंग जागेवर गेली. नवी बॅटरी बसली. उरलं ते वायसर. झाकणाच्या कडेला बसणारं रबराचं काळं, नाजूक कडं. आप्पांनी आपल्या पेटीतून पंपाच्या ग्रीसचा जुना डबा आणला आणि कड्याला प्रेमानं मालिश केलं. चष्मेवाला ते कडं उजेडाकडे धरून त्यातून खिडकीबाहेर बघत राहिला. परत भानावर येईपर्यंत ग्रीस पिऊन कडं चांगलंच अंगानं भरलं होतं. खाचेत एका बाजूनं बसवावं, तर दुसऱ्या बाजूनं पोट बाहेर काढायचं.

"दाबा," आप्पा म्हणाले. "झाकणासमोर कुणाचं चालत नाही."

दाबलं. स्क्रू आवळले. आकडे काजळ घातल्यासारखे ठळक उमटले. आता परीक्षा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चष्मेवाल्यानं घड्याळ अलगद आत सोडलं आणि दोघे हनुवट्या टेबलावर टेकून बघत बसले. घड्याळ तळाशी निजलं. खिडकीतलं ऊन पाण्यातून वाकून त्याच्यापर्यंत पोचलं. मग पाठीमागून एक बुडबुडा निघाला, मोत्यासारखा, आणि डुलत डुलत वर आला.

"सुंदर," चष्मेवाला पुटपुटला.

"अहो, सुंदर काय? गळतंय ते!"

घड्याळ बाहेर काढेपर्यंत काचेआड धुकं दाटलं होतं. पुन्हा स्क्रू, पुन्हा झाकण. आप्पांनी कड्याचं ग्रीस पुसून पुसून त्याला मूळ प्रकृतीवर आणलं. चष्मेवाल्यानं बायकोचा हेअर ड्रायर आणून त्या सोनेरी गावावर वाऱ्याचा झोत सोडला. त्या वाऱ्यात ओल गेली, धूळ गेली, आणि आणखीही काही गेलं, पण ते तेव्हा कुणाला दिसलं नाही. या खेपेला झाकण बिनबोभाट बसलं. पेल्यात घातलं, तर एकही बुडबुडा नाही.

बायको आल्यावर चष्मेवाल्यानं घड्याळ तळहातावर ठेवून पुढे केलं. तिनं बटणं दाबून पाहिली. एक बटण दोनदा दाबलं.

"स्वतःच केलंत?"

"मग? तू काय समजलीस?"

"छान झालंय," ती म्हणाली आणि घड्याळ मनगटाला बांधून स्वयंपाकघरात गेली. आप्पांनी जावयाला डोळा मारला.

रविवारी सकाळी तिघं नेहमीप्रमाणे सरोवरावर गेले. पलीकडच्या अंगाला पाण्यावर धुकं इतकं खाली उतरलं होतं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते पाण्याला तरी ठाऊक असेल की नाही. बायकोनं केशरी टोपी चढवली, घड्याळाचं बटण दाबलं आणि सळकन आत शिरली.

चष्मेवाला काठावर मांडीत टॉवेल घेऊन बसला. त्याला पोहता येत नव्हतं. लग्नानंतर ती पहिल्यांदा या पाण्यात उतरली, तेव्हा टोपी दिसेनाशी झाल्यावर त्यानं काठावर असा काही आरडाओरडा केला होता, की त्या दिवसापासून नियमच ठरला. ठरावीक वेळानं घड्याळ टुकटुक करणार, आणि जिथे असेल तिथून ती माघारी वळणार. टुकटुक त्याला काठावर ऐकू यायची नाही. पण मधोमध पोचलेला केशरी ठिपका वळला, की त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि मग तो निवांतपणे ढगांकडे बघायला मोकळा व्हायचा.

आज ठिपका मध्यावर गेला. मध्य ओलांडून पुढे गेला.

"लेक आज लांब गेली," आप्पा म्हणाले.

"वळेल आता."

ठिपका मोहरीएवढा झाला.

"एक विचारू का?" आप्पा जरा घुटमळले. "हे घड्याळ एरवी दर तासाला टुक करतं ना? काल संध्याकाळपासून एकदाही ऐकलं नाही मी. म्हटलं, आपलेच कान गेले असतील. बोललो नाही."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे हेअर ड्रायर उभा राहिला. गल्लीच्या टोकाशी उभी असलेली ती केसाएवढी स्प्रिंग कुणाची वाट बघत होती, ते त्याला आत्ता कळलं. घड्याळाचा आवाज तिच्यातून यायचा. आणि त्यानं तिला फुंकून लावलं होतं.

"आप्पा, ती वळणारच नाही!"

तो उठला तो थेट होड्यांच्या धक्क्यावर. धक्क्यावरची बाई विणकाम करत बसली होती. मोटारीची होडी दुरुस्तीला गेलेली. पाण्यात होता तो एक पांढरा हंस. मान उंच, डोळे झाकल्यासारखे, आणि पोटात दोघांनी बसून पायांनी मारायची पायडलं.

"दोघांनी सारखे पाय मारा," सुया न थांबवता बाई म्हणाली. "नाहीतर गोल फिरतो तो."

चष्मेवाल्यानं छातीला फुगीर जाकीट आवळलं. आप्पांचे गुडघे कुरकुरे. ते एकदा पाय मारीत, मग दम खात. त्यामुळे हंस चार हात पुढे जायचा आणि मग वळून काठाकडे प्रेमानं बघायचा.

"मारा ना, आप्पा!"

"मारतोय की! तुम्हीच जास्त मारताय!"

असं गोल गोल फिरत ते धुक्यात शिरले. काठ मिटला. आवाज मिटले. पायडलांखाली पाणी झोपेत बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटत होतं. वरून कोवळं ऊन झिरपत होतं आणि सगळं जग आतून उजळल्यासारखं दिसत होतं. चष्मेवाल्याचे पाय आपोआप मंदावले. इतकी वर्षं ती इथे येत होती आणि आपण काठावर टॉवेल धरून बसलो होतो, असं त्याच्या मनात आलं.

"जावईबापू, कुठे पोचलात?" आप्पांनी ढोसलं. "लेक बुडाली असेल माझी!"

तो दचकला. टोपी कुठेच नव्हती. मग मात्र त्यानं असे पाय मारले, की हंस पाणी कापत सुटला आणि लव्हाळ्यांच्या दाट बेटात मान घालून रुतून बसला. पुढेही जाईना, मागेही येईना. चष्मेवाल्यानं हंसाच्या गळ्याला मिठी मारली आणि धुक्यात बायकोच्या नावानं टाहो फोडला.

लव्हाळी हलली. केशरी टोपी वर आली. टोपीखाली बायको होती, आणि तिच्या हातात चहाचा वाफाळता पेला होता.

"ओरडताय काय? मला चहा देणारा चौकीतला रखवालदार घाबरला ना!"

"अगं, ते घड्याळ... वाजत नाहीये..." चष्मेवाल्याला दम लागला होता. "माझी चूक झाली. स्प्रिंग उडाली."

"माहीत आहे मला. कालच बटण दाबून पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

बायकोनं चहाचा घोट घेतला. लव्हाळ्यांत ती कमरेपासून वर तेवढी दिसत होती. "मध्यावर आले की टुकटुक. इतकी वर्षं. पलीकडचा काठ कसा आहे, हे बघायचंच राहून गेलं होतं. आज म्हटलं, तुम्हीच आवाज काढून टाकलाय, तर जाऊन यावं."

"कसा आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"आपल्यासारखाच. पण धुकं जरा विरळलं, की इथून आपला काठ फार छान दिसतो."

चष्मेवाला तिच्याकडे बघत राहिला. हातात पेला धरून, एक थेंबही न सांडता, इतक्या खोल पाण्यात ही उभ्यानं तरंगते कशी? आपल्या बायकोबद्दल त्याला एकदम अपार आदर वाटला.

"पाय दुखत नाहीत तुझे? पाणी तुडवून?"

"कसलं पाणी तुडवून?" ती म्हणाली. "उतरा खाली. गुडघाभर आहे."

आप्पांनी वाकून बघितलं आणि खोकल्यासारखं केलं. चष्मेवाल्यानं हंसाची मान सोडली, डोळे मिटले आणि विजार, जाकीट, चपलांसकट पाण्यात पाय टाकला. खाली थंड, मऊ चिखल बोटांतून वर आला. तो उभा राहिला. सरोवरात, स्वतःच्या पायांवर, आयुष्यात पहिल्यांदा.

"अजून थोडं आत जाऊ या?" त्यानं विचारलं.

बायकोनं रिकामा पेला आप्पांच्या हाती दिला आणि नवऱ्याचा हात धरला. आधी दोघांनी मिळून हंस ओढून काढला, आणि उथळ पाण्यातून, काठाकाठानं, ते त्याला घेऊन निघाले. आत आप्पा एकटेच ऐसपैस बसले होते.

"हळू ओढा रे," काही वेळानं धुक्यातून त्यांचा आवाज आला. "मला झोप लागतेय."