गुणाजीचा अर्धा खोपा

बाळांनो, जरा सरकून बसा. एका जंगलात ओढ्याकाठी एक बाभूळ होती. त्या बाभळीवर गुणाजी नावाचा सुगरण पक्षी खोपा विणत होता.

सुगरण पक्ष्यांची रीत अशी, की नराने आधी अर्धाच खोपा विणायचा. मग मादी येते, पाती ओढून बघते, झोका घेऊन बघते. पसंत पडला तर उरलेला अर्धा पुरा करायचा. नाही पडला तर सोडून द्यायचा आणि नवा सुरू करायचा.

गुणाजीचे तीन खोपे नापसंत झाले होते. चौथ्यावर तानी नावाची मादी येऊन बसली. तिने चोचीने एक पाते जोरात ओढले. ते तुटले नाही.

"बरा आहे," ती म्हणाली. "पण आठ दिवसांत पुरा करा. अंडी थांबत नसतात."

गुणाजी आनंदाने फांदीला उलटाच लटकला.

दुसऱ्याच दिवशी जंगलाचे विकासमंत्री कोल्होबा बाभळीखाली आले. बरोबर गवत पुरवणारा उंदीर आणि चिखल पुरवणारा खेकडा होता.

"गुणाजीराव, हा खोपा पुरा करू नका."

"का साहेब? बेकायदा आहे का?"

"छे छे! उत्तम आहे. अख्खा ओढाकाठ त्यावर जगतोय. पण तयार घराला गवत कशाला लागतं? चिखल कशाला लागतो?"

"दादा, माझी सात पिल्लं आहेत हो," उंदीर म्हणाला.

"माझी दोनशे," खेकडा म्हणाला.

"पण माझी अंडी..." गुणाजी पुटपुटला.

"अंडी तुमची खासगी बाब आहे," कोल्होबा म्हणाले. "खोपा जंगलाचा आहे."

गुणाजी भिडस्त. त्याला नाही म्हणता येईना. तो सकाळी विणायचा आणि दुपारी उसवायचा. उसवलेले गवत वाहून न्यायला घुशीलाही काम मिळाले. खुद्द सिंहमहाराज पाहणीला आले आणि मान वर करून म्हणाले, "वा! काय वेग आहे!"

आठव्या दिवशी तानी आली.

"अहो, दार कुठंय?"

"पुढच्या वर्षी."

"आणि अंडी ठेवायची जागा?"

"तिचं भूमिपूजन झालंय."

तानीने मान वळवली. शेजारच्या फांदीवर कुणाचा तरी गेल्या वर्षीचा मळका खोपा लोंबत होता. विकास सुरू होण्याआधीचा, त्यामुळे पुरा झालेला. ती तिथे राहायला गेली आणि तिने तीन अंडी घातली.

तिसरे अंडे आले त्याच संध्याकाळी गुणाजीला 'जंगलभूषण' पदवी मिळाली. गळ्यात फुलांचा हार घालून तो तानीच्या दाराशी आला.

"हार बाहेर ठेवा," ती आतून म्हणाली. "आणि एक पातं घेऊन या. इथं भोक आहे, अंड्यांना वारा लागतोय."

गुणाजीने पाते आणले. चार टाके घातले. भोक बुजले. उसवायला चोच पुढे गेली, पण आत तीन अंडी दिसली आणि चोच तिथेच थांबली. या मोसमात त्याने पुरे केलेले हे पहिलेच काम.

सकाळी कोल्होबांची नोटीस आली. 'काम पूर्ण केल्याबद्दल खुलासा करावा.'

तात्पर्य: घर बांधत राहणारा सगळ्या जंगलाची पोरे जगवतो. घर पुरे करणारा फक्त स्वतःची. म्हणून बाळांनो, मोठेपणी असे स्वार्थी होऊ नका.