इंजिन थंड होईपर्यंत

मी मूर्ख आहे, हे मला पंचेचाळिशीत एका व्हॅनने पटवून दिलं. (आमचे हे लग्नापासून तेच सांगत होते, पण त्यांना रोज सकाळी पुलगावची गाडी पकडायची असते, त्यामुळे वाक्य कधी पूर्ण झालं नाही.)

व्हॅन माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची. कधीकाळी पांढरी होती म्हणतात. शेतातली वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर भरून ते तिच्यातून वर्ध्याच्या बाजारात जायचे. वर्षातून एकदा मात्र ती झाडून-पुसून सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, गिरडच्या दर्ग्याला घेऊन जायचे. दोघंच. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे बसणारा पोळीसारखा शेकत जातो. जाम गाव सोडलं की एका चिंचेखाली ते इंजिन तापून बंद पडायचं. दरवर्षी. त्याच चिंचेखाली. (यात मला कधी काही विचित्र वाटलं नाही. म्हणून तर पहिलं वाक्य.)

आमच्या घरात माणसं इतकी, की ही दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. "उज्वला, त्यांले सांग, चहा घ्या." "उज्वला, तिले सांग, साखर कमी आहे." दोघं समोरासमोर, मधे मी आणि किटली.

मागच्या वर्षी इंजिन जळालं ते जळालंच, आणि गिरड बंद झालं. ह्यांनी भाड्याची एसी गाडी करतो म्हटलं, तर आत्याबाई म्हणाल्या, मले एसीत मळमळते. त्या जन्मात कधी एसी गाडीत बसल्या नव्हत्या. अंगणात बसून उभ्या व्हॅनकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, आता गुडघे किती वर्षं साथ देतात कोणाले माहीत. माझं काळीज हललं. ठरवलं, हीच व्हॅन पुन्हा चालू करायची.

मेकॅनिक रोशनने तशीच एक व्हॅन शोधून काढली, मागून ट्रकने ठोकलेली, पण इंजिन शाबूत. ते काढून आमच्या व्हॅनमध्ये बसवायचं. मी रोज स्टूल टाकून देखरेखीला. "माउंटिंग नीट बसव" हे वाक्य मी कुठूनसं शिकले होते आणि तासातासाला म्हणायचे. रोशनने एकदा सहज म्हटलं, वहिनी, माउंटिंग दाखवा बरं. मी सायलेन्सर दाखवला. तेव्हापासून तो मला विचारायचा बंद झाला.

जुनं इंजिन उघडल्यावर त्याने मामाजींना विचारलं, काका, रेडिएटरमध्ये पाणी टाकत होते की नाई? मामाजी आभाळाकडे पाहू लागले. मी लगेच त्यांना पाण्याचं महत्त्व समजावलं, शाळेत समजावतात तसं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. नंतर रोशनला एवढंच विचारलं, "हे तापते का?"

"काका, मुंबईले न्या. तापत नाई."

"अस्सं," मामाजी म्हणाले. त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता, असं मी घरी सर्वांना सांगितलं.

गिरडच्या दिवशी मीही गेले. (इंजिन कोणी बसवलं शेवटी?) व्हॅन नव्या पांढऱ्या रंगात, मी मागच्या सीटवर, आत्याबाई पुढे डबा मांडीवर घेऊन. काय पळत होती. जाम गेलं. चिंच आली, चिंच गेली. आत्याबाई मान वळवून मागे पाहत राहिल्या. म्हटलं, पाहा आत्याबाई, कशी पळून राह्यली.

"पळते," त्या म्हणाल्या. मग सवयीने, "उज्वला, त्यांले सांग, चिंच गेली."

"तिले सांग, मी पाह्यली."

"मंग थांबले काऊन नाई?"

"तापली नाई तं थांबू कसा? सून बसली मागं."

आत्याबाईंनी मांडीवरचा डबा सरळ केला. मग थेट त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "पाणी कमी टाकाचं होतं. पह्यल्यासारखं."

मामाजींचे कान लाल झाले. "तुले माहीत होतं?"

"पह्यल्या वर्षीपासून."

गाडीत मी आहे, हे दोघंही विसरले होते. आणि माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. वर्षभरात यांना निवांत बोलायला एकच जागा होती, ती चिंच. आणि मी एवढा खटाटोप करून नेमकी तीच बंद पाडली होती. (सायलेन्सरला माउंटिंग म्हणणारी बाई आणखी काय करणार?)

"मामाजी, गाडी वळवा," मी म्हटलं. "रोशन म्हणे, नव्या इंजिनले मधात थंड करा लागते." रोशन असं काही म्हणाला नव्हता.

मामाजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. येताना पळाली त्याहून जोरात परत पळाली.

चिंचेखाली चादर अंथरली. डबा उघडला. (दोघांपुरताच होता.) मी गाडीत थांबले, पुढची सीट उचलून इंजिनची राखण करत. मामाजी काहीतरी सांगत होते आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या लग्नात त्या हसल्या नव्हत्या, बारशांना हसल्या नव्हत्या. मला वाटायचं, त्यांना दात दुखतात.

बऱ्याच वेळाने भूक असह्य झाली तेव्हा मी हाक मारली. "आत्याबाई, इंजिन थंड झालं. चालाचं का?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "हात लावून पाह्यलं?"

"हो."

"मंग लावूनच ठेवजो."