मागच्या दाराचा उमेदवार

मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत कुणाकडे नवी वस्तू आली, की पेढे वाटायच्या आधी प्रल्हादनाना पोचायचे. वस्तूकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. खोक्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी पडलेलं माहितीपुस्तक काढायचे, चष्मा पुसायचे आणि तिथेच बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. तोवर कुणी बटणाला हात लावला, की ओरडायचे, "पुस्तकमा काय लिखेल शे?"

नाना धुळ्याला सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. निवृत्त झाले, बायको गेली, आणि पुतण्याच्या रिकाम्या घरात एकटेच राहायला जळगावला आले. एरवी बोलणं कचेरीतलं, शुद्ध. पण यंत्राला कुणी घाईने हात घातला, की तोंडून थेट अहिराणी निघायची.

गल्लीतल्या तमाम मिक्सर, कुकर, पंख्यांची पुस्तकं त्यांच्या लोखंडी ट्रंकेत होती. प्रत्येकाला ब्राऊन पेपरचं कव्हर, वर सुवाच्य अक्षरात 'चौधरी – मिक्सर', 'खान – टेबलफॅन'. आमच्या ह्यांनी स्कूटर घेतली तेव्हा नाना दोन तास ओट्यावर वाचत बसले आणि मग म्हणाले, "पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." हे भुसावळला जाऊन आले. नानांनी नुसतं तोंडाकडे बघितलं. "गेलात ना चाळीसच्या वर? चेहराच सांगतोय."

लग्नात नवरा-नवरी पाया पडले तरी तेच. "पहिले सहा महिने फार लोड टाकायचा नाही. कुरकुर ऐकू आली तर लगेच बंद करायचं आणि थंड होऊ द्यायचं." मांडवात हशा व्हायचा. नाना मात्र गंभीर.

मीही हसायचे. त्या श्रावणापर्यंत.

त्या श्रावणाच्या आधी सासूबाईंना लकवा झाला. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं जड झालं. दिवसाला पाच-सहा चादरी बदलाव्या लागायच्या. त्यात अशी झड लागली की बारा दिवस सूर्य दिसला नाही. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर दमट चादरी, आणि घराला ओल्या गोणपाटाचा वास. सासूबाईंच्या पाठीला जखम धरायला लागली होती. डॉक्टर बजावून गेले, "ओलसर चादर अंगाखाली नको. जखम खोल गेली तर अवघड आहे."

तेव्हा मला माळ्यावरचं मशीन आठवलं. माझा भाऊ मस्कतची नोकरी सोडून आला तेव्हा त्याच्या साहेबाने दिलेलं कपडे सुकवायचं मशीन आमच्याकडे टाकून गेला होता. गल्ली किती हसली होती! जळगावात मे महिन्यात ओली चादर दोरीपर्यंत नेता नेता सुकते, तिथे हे कशाला? मी त्यावर पापडांचे डबे ठेवत असे. आता ते खाली आणलं. चादर आत टाकली, गोल खटका फिरवला, बटण दाबलं. पाऊण तासात कोरडी, गरम चादर हातात आली. मला रडूच आलं.

आठ दिवस छान चाललं. नवव्या दिवशी बटण दाबलं, तर वरच्या पट्टीवरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. आतला पिंप हलेना. बाजारातल्या मिस्त्रीने पट्टी उघडली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. "ताई, पॅनल गेलं. याचा माल इकडे मिळत नाही."

तेवढ्यात नाना आले. मशीनसमोर स्टूल घेऊन बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले.

"तीनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तीनदा. बिघडलेला दिवा मोजून लुकलुकत नाही, सूनबाई. हा काहीतरी सांगतोय."

"काय सांगतोय?"

नाना खजील झाले. या मशीनचं पुस्तकही त्यांच्याच ट्रंकेत होतं, पण इंग्रजी अर्धा भाग कुणीतरी फाडलेला, उरलेला सगळा अरबीत. अख्ख्या ट्रंकेत न वाचलेलं एवढं एकच पुस्तक, आणि ते त्यांना दोन वर्षं खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीने नाना पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सदऱ्याच्या आत धरून धुळ्याला गेले. दुपारी परतले ते करीम मास्तरांना घेऊन. मास्तर धुळ्याला त्यांचे वीस वर्षांचे शेजारी, शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेले. दोघेही गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"बेटी, मशीन पाहिल्याशिवाय लफ्ज खुलत नाही, म्हणून मीच आलो," मास्तर म्हणाले.

नानांनी आधी प्लग काढायला लावला. "पान एकवर हेच असतं. कोणत्याही भाषेत." मग मास्तर बोट ठेवून वाचायला लागले आणि नाना कागदावर उतरवायला.

"मिस्बाह म्हणजे दिवा. दिवा तीन वेळा... हां. तर मागचा दरवाजा उघडा."

नानांनी मशीन भिंतीपासून ओढलं. मागे खरंच एक गोल झाकण होतं.

"पुढे?"

मास्तर थबकले. चष्मा वर केला, खाली केला. "पुढे लिहिलंय, मागच्या दारातला उमेदवार बाहेर काढा."

"कोण?"

"उमेदवार. मुरश्शह. इलेक्शनला उभा राहतो तो. त्याला बाहेर काढा, साबणाने धुवा आणि चांगला सुकवा."

नानांचं पेन हवेतच राहिलं. "मास्तर, कपड्यांच्या मशीनमा उमेदवार कथाईन उना?"

"मी काय करू? लिहिलंय ते सांगतो!"

मी तोंडात पदर कोंबला. आतून सासूबाईंचाही घशातल्या घशात हसल्याचा आवाज आला. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा.

नानांनी झाकण फिरवलं. आत एक गोल जाळी होती, आणि तिच्यावर आमच्या चादरींचा सगळा कापूस ओला होऊन गादीसारखा थापला होता. हवा जायला सुईएवढी जागा नव्हती.

"गाळणी!" मास्तर ओरडले. "उमेदवार नाही, गाळणी! लिहितात एकसारखंच!"

जाळी धुतली. आता ती सुकवायची कशी? सुकवायचं मशीन तर बंद. शेवटी आम्ही तिघं वर्तमानपत्रं घेऊन तिला वारा घालत बसलो. वारा घालता घालता नाना चहा टाकायला उठले, तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "बेटी, ह्यांच्या घरचं माणूस चार वर्षं बिछान्यावर होतं. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. गल्लीत कुणालाच नव्हतं.

"वहिनींना दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशी ह्यांनी डॉक्टरला विचारलं, याचं पुस्तक असेल ना काही? डॉक्टर हसले. ह्यांचा चेहरा मला अजून दिसतो."

जाळी कोरडी झाल्यावर नानांनी ती बसवली, प्लग लावला. मास्तरांनी शेवटची ओळ वाचली, "बटण दाबून धरा, पाच मोजा." नाना मोठ्याने मोजत होते. पाचला दिवा विझला. पिंप घरघरलं आणि फिरायला लागलं. मास्तरांनी दोन्ही हात वर करून शुक्र मानला, नानांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि मी पळत जाऊन ओली चादर आणली.

चादर सुकल्यावर मी आत गेले. सासूबाईंना कुशीवर घेताना रोजच्यासारख्या त्या कळवळल्या. दारातून आवाज आला, "सूनबाई, मी आत येऊ?"

नाना आले. त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला. "अक्का, हात लावतो हां." अंगाखालची चादर एका बाजूने गुंडाळत आणली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "ओढायचं नाही. मी म्हणेन तेव्हा फक्त उचलायचं. आता." सासूबाई पान उलटावं तशा कुशीवर झाल्या. हूं की चूं नाही. गुडघ्यांमध्ये त्यांनी उशी सरकवली, टाचेखाली कापडाची चुंबळ ठेवली. मी गरम चादर पसरली. सासूबाई जड जिभेने म्हणाल्या, "ऊन... ऊन लागतंय गं." आणि दहा मिनिटांत झोपल्या.

नाना चादरीची एकही चुणी राहणार नाही असा हात फिरवत राहिले.

"याला दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "मी एकटा होतो. तिला दुखायचं."

मी चादरीचं माझ्याकडचं टोक गादीखाली खोचलं.

"सकाळी पहिली कूस किती वाजता बदलता?"

"सहाला."

"येतो."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी दार उघडलं. नाना छत्री मिटून ओट्यावर बसले होते, सहा वाजायची वाट बघत.