सोनवणे नाना आणि पहिला गिअर

सोनवणे नानांना न्यूट्रलमध्ये उभी असलेली मोटारसायकल सहन होत नाही. स्वतःची म्हणत नाही मी. स्वतःची तर ते गिअरमध्ये टाकतात आणि वर पुढच्या चाकाला वीटही लावतात. माझी, तुमची, कुणाचीही. खाली आले की ओळीतली एकेक गाडी मागून धरून हलवून बघतात. हलली, की 'च्च' करतात, वाकतात आणि मागेपुढे झुलवत तिला पहिल्या गिअरमध्ये बसवतात. याला किल्ली लागत नाही आणि परवानगी नानांनी आयुष्यात कुणाची घेतलेली नाही.

हे मी शांतपणे लिहितोय असं वाटत असेल, तर तो तुमचा गैरसमज आहे.

आमची बिल्डिंग सिल्वासात, आमलीला. राहणारे बहुतेक कारखान्यातले, शिफ्टवाले. मी मूळचा डहाणूचा, इथे प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. खालचं पार्किंग एवढंसं आणि गाड्या भरमसाट. सकाळी जाणाऱ्याची गाडी हमखास दुपारी जाणाऱ्याच्या गाडीमागे अडकलेली. म्हणून आमच्यात एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण नवा भाडेकरू आला की त्याला नळाच्या वेळेआधी तोच सांगितला जातो. हँडल लॉक करायचं नाही आणि गाडी न्यूट्रलला ठेवायची. ज्याला निघायचंय त्यानं मधल्या गाड्या ढकलाव्यात, आपली काढावी, बाकीच्या परत जागेवर लावाव्यात. कुणी कुणाला झोपेतून उठवायचं नाही. आमच्याकडे धुळ्याचे आहेत, यूपीचे आहेत, वापीकडचे आहेत. पाण्यापासून गणपतीपर्यंत कशावर म्हणून आमचं जमत नाही, पण या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे.

आणि त्या एकमतावर नाना रोज पाणी फिरवत होते.

"अहो नाना, गिअरमधली गाडी ढकलायची कशी?" मी विचारलं.

"क्लच दाबून. क्लच कायले देलाय भो?"

"दोन गाड्यांच्या मधे अडकलेल्या गाडीच्या क्लचपर्यंत हात कसा पोचणार?"

"ते तू पाह्य. गाडी उभी म्हणजे उभी पाहिजे."

हे त्यांचं पालुपद. उभी म्हणजे उभी पाहिजे! नाना शिरपूरकडचे. इथल्या धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला फिटर म्हणून आले आणि तिथूनच रिटायर झाले. हलणारी वस्तू त्यांना बघवत नाही. कुणाच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात. मागे एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब असा काही गदागदा हलवला की मुलीचा बाप जेवण सोडून धावत आला. बिनगिअरच्या स्कूटरवर तर त्यांचा विशेष राग. "हिले गिअरच नाही? मंग ही उभी राहते कोणाच्या भरवशावर?" असं म्हणून तिच्या चाकाखाली वीट सरकवतात. आमच्या बिल्डिंगमध्ये स्कूटर घेणाऱ्याला हेल्मेट दुकानदार देतो आणि वीट नाना देतात.

त्यांच्या बायकोला सगळे नानी म्हणतात. ताठ कण्याच्या, इस्त्रीच्या पातळातल्या, कमी बोलणाऱ्या. फाटकाजवळ सिमेंटचा बाक आहे, तिथे बायका बसतात. नानी जिन्यातून उतरल्या की गाड्यांच्या ओळीकडेने एकेका सीटवर हात ठेवत सावकाश त्या बाकाकडे जातात. नवरा गिअर टाकतो आणि बायको हजेरी घेते, असं मी म्हणायचो. बिल्डिंगभर हसायचे लोक.

तर त्या सकाळी मला उशीर झाला होता. माझी गाडी जुनी, किकची. आदल्या रात्री मी ती स्वतःच्या हातानं न्यूट्रल केली होती, त्यामुळे बघायचं काय! किल्ली फिरवली, क्लच न दाबता दणकून किक मारली. गाडीनं जी उडी घेतली ती थेट किरीटभाईंच्या नव्या गाडीवर. ती पडली तिच्या शेजारचीवर, आणि ती तिच्या पुढचीवर. किकचा दांडा उलटा येऊन माझ्या नडगीवर बसला. माझा आरसा फुटला, त्यांचं इंडिकेटर तुटलं. मी एका पायावर नाचत असताना वरच्या गॅलरीतून आवाज आला, "क्लच दाबाचा ना भो!"

त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते इथे छापता येणार नाही. वयाचा मान, शेजारधर्म, सगळं मी खुंटीला टांगलं होतं.

रविवारी पार्किंगमध्येच मीटिंग लावली. किरीटभाई आमचे चेअरमन, आणि इंडिकेटर त्यांचंच तुटलेलं, त्यामुळे मला फार बोलावं लागलं नाही. तरी मी बोललोच. भरपूर बोललो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणं ही विकृती आहे, रिटायर माणसानं देवळात जावं, पोथी वाचावी, असंही म्हणालो. नाना मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभे होते. एकदाच म्हणाले, "उभी म्हणजे उभी पाहिजे, एवढंच मी सांगून राहिलो."

"नाना, बीजानी गाडीने हाथ नहि लगाडवानो," दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही, असा किरीटभाईंनी निकाल दिला. "बस, वात पूरी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण मग त्यांनी वर आपल्या गॅलरीकडे पाहिलं आणि जिन्याकडे वळले. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "जिरली एकदाची."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपार कलल्यावर मी ओळीच्या टोकाला, भिंतीशी बसून प्लग साफ करत होतो. गाड्या सगळ्या न्यूट्रलमध्ये, कायद्याप्रमाणे. जिन्यातून नानी उतरल्या आणि त्यांच्यामागे नाना. पण नानांच्या चपला पायात नव्हत्या, हातात होत्या.

नानींनी पहिल्या गाडीच्या सीटवर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, अंगाचा भार टाकला. गाडी पुढे सरकली आणि नानी कलंडल्या. मी ओरडणारच होतो. तेवढ्यात नानांनी चपला काखेत मारल्या, वाकून पलीकडे गेले आणि गाडीचा मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला. बायकोला धरलं नाही. गाडीला धरलं.

नानी सावरल्या. समोर बघत त्यांनी पुढची गाडी चाचपली. त्यांचा हात पोचायच्या आत नाना अनवाणी, टाचा उचलून, गुडघ्यात वाकून पुढच्या गाडीपाशी पोचलेले. ती धरली. मग तिसरी. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि तोंड घट्ट मिटलेलं. माझ्यापासून हातभर अंतरावरून नानी गेल्या, मला ओलांडून बाकाकडे. मी त्यांना दिसलो नाही. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"आल्या का नानी?" बाकावरच्या बायकांनी विचारलं.

"येणार नाही तं काय? मले काय धाड भरली?" नानी म्हणाल्या आणि ऐटीत बसल्या.

नाना खांबामागे धापा टाकत उभे होते. मी त्यांना दंडाला धरून भिंतीमागे नेलं आणि कुजबुजत्या आवाजात त्यांच्यावर ओरडलो. कुजबुजत ओरडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"सांगायला काय झालं होतं तुम्हाला? सगळ्यांसमोर मी वाट्टेल ते बोललो, तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"हळू बोल भो. शुगरनं गेले तिचे डोळे. आता फक्त उजेड-अंधार समजतो. डॉक्टर म्हणे, येणार नाही परत."

"मग हात धरा ना त्यांचा!"

"धरला होता. तं म्हणे, मी आंधळी हाय का? झटकला. कोणी मले धरून नेलेलं दिसलं तं मी खाली येणार नाही, म्हणे. अन् पूर्ण पावसाळा उतरली नाही खरंच. खिडकीपाशी बसून राहे. मंग एक दिवस आपली आपली उतरली, गाड्या धरत धरत. मी वरून पाहिलं." नानांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "गाड्या हालल्या नाही, तं ती येते. इतलंच हाय. बायकांमधी बसते, हसते. मीटिंगमधी सांगलं असतं तं सगळ्याइनं अरेरे केलं असतं. मंग ती वरच बसली असती."

"निदान त्या येतात तेवढ्यापुरतेच गिअर टाकायचे होते."

"तिचा काय टाइम हाय? सकाळी मनात आलं तं सकाळी उतरते."

मला इतका राग आला, की काय सांगू. नानांचा आला, त्यांच्या मुकाट्यानं ऐकून घेण्याचा आला, हजेरी घेते म्हणून हसवणाऱ्या स्वतःच्या जिभेचा आला. डोळे भरून आले, त्याचाही रागच आला.

तो सगळा राग मी किरीटभाईंवर काढला. संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, वाटेकडेच्या ओळीत सुट्टीवाले आणि जनरल शिफ्टवाले गाड्या लावतील आणि त्या गिअरमध्ये राहतील. भिंतीकडची ओळ न्यूट्रल. "पण राऊतभाई, शुं काम? कालच तर आपण..." असं ते म्हणाले मात्र, मी असा काही भडकलो की त्यांच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला. कारण मी सांगितलं नाही. माझ्या नडगीला लागलंय आणि मी म्हणेन तसंच होईल, एवढंच सांगितलं. शेवटी ते हो म्हणाले. आता बिल्डिंगमध्ये बोलतात, की नानांचं खूळ राऊतला लागलं. बोलू देत.

परवा नानी उतरल्या तेव्हा मी नुकताच गाडी लावून उभा होतो. त्या आल्या आणि माझ्या सीटवर हात टेकून दम खायला थांबल्या. पूर्ण भार टाकला होता त्यांनी, आणि गाडी खांबासारखी उभी. मागून नाना आले. चपला पायात होत्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस चांगलं काही बोलेल.

नानांनी मागचा दांडा बोटानं जरासा हलवला, कान दिला आणि माझ्या कानाशी येऊन खेकसले, "दुसऱ्यात टाकलाय भो. थोडी हालते. पहिल्यात पाहिजे."

माझं डोकं फिरलं. पण नानींचा हात अजून सीटवर होता, म्हणून मी दात-ओठ खात उभा राहिलो. त्या सावकाश पुढच्या गाडीकडे सरकल्या, तेव्हा मी वाकून पहिला गिअर टाकला.