एकेचाळीस निरोगी बाटल्या

रोगाला माणूस एकवेळ तोंड देतो. रिपोर्टपुढे मात्र त्याची गाळण उडते. म्हणूनच मूत्राशयाच्या कर्करोगाची नवी तपासणी हा मानवजातीवर मोठाच उपकार आहे. आत नळी घालायची नाही, सुई टोचायची नाही. बाटलीत लघवी द्यायची. तिच्यात उतरलेल्या पेशींचा डीएनए काय ते सांगतो. (डीएनएला खोटं बोलता येत नाही, ही या पद्धतीतली एकमेव उणीव.)

हेडक्लार्कना तीन आठवड्यांत चारदा लघवी लाल झाली होती. त्यांनी ती बाब बीटाच्या नावे टाकून निकाली काढली. बायको म्हणाली, "अहो, बीट घरात येऊन वर्ष झालं." हेडक्लार्कनी हरकतीची नोंद घेतली. मनातून मात्र त्यांची पाचावर धारण बसली होती.

अशात कार्यालयाने पन्नाशीपुढच्या एकेचाळीस कायम कर्मचाऱ्यांना ही तपासणी सक्तीची केली. रिपोर्ट सेवापुस्तकात चिकटणार होता आणि बढत्या तोंडावर आल्या होत्या. चहाच्या वेळी उपसमिती बसली. सगळ्यांच्या नावे नमुना एका निरोगी माणसाचाच जावा, असं तिने एकमताने ठरवलं. निकष तीन: जिने चढणं, दात आणि झोप. तिन्हींत वॉचमनकाका पहिले आले.

काकांनी चार दिवसांत एकेचाळीस बाटल्या भरल्या. (पिण्याचं पाणी कार्यालयाने पुरवलं.) शेवटची देताना ते म्हणाले, "साहेब, एक माझ्या नावानं पण पाठवा की."

"काका, तुम्ही कंत्राटी. नियमात बसत नाही हो," हेडक्लार्क हळहळून म्हणाले.

आठवड्याने रिपोर्ट आले. एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांत कर्करोगाच्या खुणा. कार्यालयाच्या इतिहासात शंभर टक्के निकाल प्रथमच लागला. लॅबमधल्या बाईंचा फोन आला, "तुमच्याकडे सगळे मिळून एकच माणूस आहे का हो?" कर्मचाऱ्यांत उत्तम एकोपा असल्याचा लेखी खुलासा हेडक्लार्कनी पाठवला.

शेवटी बिंग फुटलंच. काकांना इस्पितळात नेलं. गाठ एवढीशी होती, वेळेत सापडली, काढली. काका पुन्हा जिने चढतात आणि भेटेल त्या साहेबाचे हात धरून आभार मानतात. हेडक्लार्कना तेव्हा अगदी गलबलून येतं.

फेरतपासणीसाठी हेडक्लार्कनाही नवी बाटली मिळाली आहे. ती टेबलाच्या खणात कोरी पडून आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: रोग काकांचा निघाला, म्हणजे तो आपला नाही. लाल रंग आता रोज दिसतो. त्यामुळे हेडक्लार्क हल्ली रोज बीट घेऊन घरी जातात. नोंदीला पुरावा लागतो.

वाचकांना हसू आलं असल्यास तशी नोंद घेण्यात येत आहे. गेल्या महिन्यात 'उष्णता झाली असेल' म्हणून आपण जे निकाली काढलंत, ते घरी सांगितलंत का?